जर्मनमधले जुने भयकॉमिक्स : कोणती पुनर्मुद्रणं घ्यावीत, कोणती सोडावीत?

कौलारू_घर
इथे जर्मन शिकणारे बरेच आहेत, जर्मनीत राहणारेही आहेत आणि कॉमिक्सवेड्यांची तर वानवा नाहीच. म्हणून हा धागा काढतोय. विषय : १९५० ते ८० च्या दरम्यान अमेरिकेत निघालेले भयकॉमिक्स आणि त्यांची जर्मन पुनर्मुद्रणं. सिनेमे आणि कादंबऱ्या इथे नकोत, त्यांचे धागे आहेत.

ढोबळमानाने तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला ईसी कॉमिक्सचा, म्हणजे ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ आणि भावंडं. या गोष्टी जर्मनमध्ये वेगवेगळ्या प्रकाशकांकडून, वेगवेगळ्या काळात, तुकड्यातुकड्यांनी आल्या. दुसरा वॉरनचा : ‘क्रीपी’ आणि ‘ईरी’ ही कृष्णधवल मासिकं. बीलेफेल्डच्या श्प्लिटर प्रकाशनाने त्यांचे जाडजूड, कडक बांधणीचे खंड काढलेत. तिसरा किऑस्कवरचा, म्हणजे बास्टाय प्रकाशनाचं ‘गेश्पेन्स्टर गेशिश्टन’. पातळ अंक, रंगीत मुखपृष्ठ, आत तीन-चार भुताच्या गोष्टी. हे १९७४ ला सुरू झालं आणि २००६ ला बंद पडलं. एकूण १६५४ अंक. हिशेब करा, जवळपास दर आठवड्याला एक पडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हाणामारी करू. ईसी इंग्रजीत वाचा. वॉरन जर्मनमध्ये घ्या. आणि ‘गेश्पेन्स्टर गेशिश्टन’ जुन्या बाजारात दिसलं की उचला.

परकर_पोलकं
वाचतेय. पण काका, माझ्यासारखीला आधी हे सांगा की ईसी म्हणजे काय? आणि माझं जर्मन बी१ पातळीचं आहे, पुण्यात क्लास चालू आहे. झेपेल का?

कौलारू_घर
काका म्हणालीस म्हणजे वयाचा अंदाज लागलाय तुला. असो.

ईसी ही न्यूयॉर्कची छोटी कंपनी. मॅक्स गेन्स यांनी काढली तेव्हा ती बायबलच्या आणि इतिहासाच्या सचित्र गोष्टी छापायची. १९४७ मध्ये ते बोटीच्या अपघातात गेले आणि कंपनी मुलाच्या, विल्यम गेन्सच्या गळ्यात पडली. त्याने आणि लेखक-संपादक अल फेल्डस्टाइनने १९५० पासून तीन भयमालिका काढल्या : ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हॉन्ट ऑफ फिअर’. प्रत्येकीला एक निवेदक भूत, आणि ते भूत प्रेतांवर पांचट कोट्या करणार. गोष्टीचा साचा ठरलेला. नवरा बायकोला मारतो, भागीदार भागीदाराला लुबाडतो, आणि शेवटच्या पानावर मेलेला माणूस उठून हिशेब चुकता करतो.

साचा तोच असला तरी चित्रकार एकापेक्षा एक. ग्रॅहम इंगल्सची सडलेली प्रेतं, जॉनी क्रेगची स्वच्छ, गार रेषा, जॅक डेव्हिसची ओबडधोबड खेडूत माणसं. सही झाकली तरी ओळखू येतात.

१९५४ च्या एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्सची साक्ष झाली. ईसीच्याच ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’च्या २२ व्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक माणूस कुऱ्हाड आणि बाईचं तोडलेलं मुंडकं घेऊन उभा आहे. सिनेटर केफॉव्हर यांनी ते दाखवून विचारलं, हे तुम्हाला सुरुचीचं वाटतं का? गेन्स म्हणाला, भयकॉमिकचं मुखपृष्ठ म्हणून, होय. त्याच वर्षी धंद्यातल्या लोकांनी मिळून ‘कॉमिक्स कोड’, म्हणजे स्वतःवरच घातलेली सेन्सॉरची नियमावली, आणला आणि ईसीच्या भयमालिकांचा बाजार उठला. ‘मॅड’ हे त्यांचं विनोदी कॉमिक तेवढं तगलं, कारण ते मासिकाच्या आकारात गेलं.

बी१ ला झेपेल. कुठून सुरुवात करायची ते पुढे येईलच.

दावा_क्रमांक
धागा चांगलाय, पण जर्मनीतला कायदा सांगितल्याशिवाय हा विषय अर्धा राहतो. माझा पेशा कायद्याचा, म्हणून थोडं लांबण लावतो.

पश्चिम जर्मनीत १९५३ साली तरुणांना घातक छापील मजकुराबद्दलचा कायदा झाला आणि १९५४ पासून बॉनमध्ये त्यासाठी केंद्रीय तपासणी मंडळ बसलं. मंडळाच्या अगदी पहिल्या काळ्या यादीत टारझानचे अंक होते. होय, टारझान! यादीत नाव गेलं म्हणून पुस्तकावर सरसकट बंदी येत नाही, हे नीट लक्षात घ्या. मोठ्या माणसाला ते विकत घेता येतं. पण अठरा वर्षांखालच्यांना विकायचं नाही, त्यांच्या नजरेस पडेल असं मांडायचं नाही आणि जाहिरात करायची नाही. किऑस्कवर चालणाऱ्या अंकाला हे मरणच, कारण त्याची सगळी विक्री टांगून ठेवण्यावर.

त्यात १९७३ ला फौजदारी संहितेत १३१ वं कलम आलं, हिंसेचं उदात्तीकरण करणाऱ्या मजकुराविरुद्ध. पुढच्याच वर्षी ‘गेश्पेन्स्टर गेशिश्टन’ सुरू होतं. आता ते इतकं सोज्वळ का, हे वेगळं सांगायला नको.

काळ्या यादीतलं नाव पंचवीस वर्षांनी आपोआप गळतं, पुन्हा नव्याने टाकलं तर गोष्ट वेगळी. जुन्या वस्तू आज उजळ माथ्याने पुस्तकांच्या दुकानात दिसतात त्याचं हे एक कारण. आता त्या मंडळाचं नाव आणि रचनाही बदलली आहे, २०२१ पासून.

गावठी_कोंबडा
म्हणजे भुताला पण सरकारी परवाना लागतोय म्हणा की! राव, हे वाचून मजा आली. चालू द्या.

सावकाश
दावा_क्रमांक, मुद्दे बरोबर आहेत, पण सगळं कायद्याच्या माथी मारू नका. कायदा आला तो लोकांनी मागितला म्हणून. ‘घाण आणि कचरा’ वाङ्मयाविरुद्धची ओरड जर्मनीत कॉमिक्सच्या आधीपासूनची आहे. हिटलरच्या आधीच्या वायमार काळात, १९२६ मध्येही तसा कायदा झाला होता. पन्नासच्या दशकात शिक्षक, चर्च आणि पालकसंघ मुलांकडून चित्रांचे अंक गोळा करायचे, बदल्यात ‘चांगली’ पुस्तकं द्यायचे आणि गोळा झालेला ढीग नष्ट करायचे. काही ठिकाणी जाळायचे. १९३३ च्या नाझींच्या पुस्तकहोळीला वीस वर्षं झाली होती जेमतेम, आणि पुस्तकं जाळण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला हे कुठल्याही भयकथेपेक्षा जास्त हादरवतं.

आणि अमेरिकेतल्या कॉमिक्सविरोधी मोहिमेचा म्होरक्या मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम जन्माने जर्मन, मूळचा बव्हेरियाचा. १९२२ ला अमेरिकेत गेला. त्याला नुसता खलनायक ठरवणंही बरोबर नाही. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने मानसोपचाराचा दवाखाना चालवला, आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांत त्याच्या कामाचा उपयोग झाला. कॉमिक्सच्या बाबतीत मात्र त्याने पुरावे वाकवले, हे आता त्याच्याच कागदपत्रांवरून सिद्ध झालंय.

खिळे_जुळारी
मी छपाईतला माणूस, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. काका, तुमचं ‘ईसी इंग्रजीत वाचा’ हे शंभर टक्के मान्य, पण कारण तुम्ही दिलंच नाहीत. मी देतो.

ईसीत गोष्ट कशी बनायची? फेल्डस्टाइन मजकूर थेट चित्राच्या बोर्डावर, चौकटी आखून लिहायचा. मग त्या बोर्डावर लेरॉय नावाच्या साच्याने अक्षरं काढली जायची. लेरॉय म्हणजे नकाशे आणि इंजिनिअरिंगच्या आकृत्यांवर अक्षरं काढायचं साधन, म्हणून ती इतकी यांत्रिक, एकसारखी दिसतात. आणि त्यानंतर बोर्ड चित्रकाराकडे! म्हणजे मजकूर आधी, चित्र नंतर. पानाचा वरचा तिसरा हिस्सा निवेदनाने भरलेला, आणि उरलेल्या जागेत चित्रकाराने काय ते करायचं.

आता यात जर्मन घाला. तोच मजकूर जर्मनमध्ये पसरतो. खोका तर वाढवता येत नाही, वाढवला तर चित्र खातो. मग एकतर अक्षर बारीक करा, नाहीतर मजकूर छाटा. बारीक केलं की आधीच गच्च असलेलं पान लोकलच्या डब्यासारखं होतं. छाटलं की फेल्डस्टाइनची ती तीन-तीन विशेषणं लावायची खोड जाते, आणि अर्धी गंमत तीच. मी दोन्ही प्रकार पाहिलेत, दोन्ही डोळ्यांना टोचतात.

वॉरनचं तसं नाही. तिथे मजकूर मुळात कमी, आर्ची गुडविनसारखा लेखक-संपादक, चित्राला श्वास घ्यायला जागा. जर्मन आरामात मावतं.

कौलारू_घर
याला म्हणतात प्रतिसाद! मजकूर आधी आणि चित्र नंतर हे माहीत होतं, पण जर्मनच्या लांबीशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

वॉरनबद्दल आणखी. जेम्स वॉरनने १९६४ ला ‘क्रीपी’ काढलं. मोठा आकार, कृष्णधवल, ‘कॉमिक बुक’ नव्हे तर मासिक, त्यामुळे कोड लागूच नाही. ईसीतले बेकार झालेले निम्मे चित्रकार तिथे परत भेटतात. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ जॅक डेव्हिसचं. स्टीव्ह डिटकोने इथे शाईत पाणी मिसळून, ब्रशने राखाडी छटा चढवत काही गोष्टी काढल्या, त्या बघाच. स्वस्त कागदावर त्या छटांचा चिखल होतो. श्प्लिटरच्या जाड, पांढऱ्या कागदावर अंधाराचे थर वेगळे दिसतात. दारातून आत आलेला उजेड जमिनीवर कुठे संपतो तेही कळतं.

१९७१ नंतर बार्सिलोनाच्या एजन्सीतले स्पॅनिश चित्रकार आले, एस्तेबान मारोतो वगैरे, आणि सगळा बाजच बदलला. काहींना तोच काळ आवडतो. मला त्यातल्या बायका सुंदर वाटतात आणि गोष्टी कंटाळवाण्या.

तिन्हीसांज
शेवटच्या वाक्याचा निषेध! मारोतोची पानरचना एकदा शांतपणे बघा, कौलारू. चौकट मोडून पान सलग वापरणं अमेरिकन मंडळींना तेव्हा फारसं सुचतही नव्हतं.

आणि ईसी जर्मनमध्ये वाचू नका हेही अमान्य. एक तरी गोष्ट जर्मनमध्येच वाचायला हवी : ‘मास्टर रेस’. ती भयमालिकेतली नाही, ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकातली, १९५५ ची. चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टाइन. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस चढतो आणि समोर बसलेल्याला ओळखतो. दोघांचा संबंध बेल्सनच्या छळछावणीतला. कोण कैदी आणि कोण अधिकारी हे गोष्ट बराच वेळ लपवते. गोष्ट सहा पानांची ठरली होती. क्रिगस्टाइनने बारा मागितली, आठ मिळाली. मग त्याने चौकटी कापून, नव्याने जोडून त्या आठ पानांत बसवल्या. शेवटी फलाटावरून गाडी निघून जाते तेव्हा खिडकीतल्या प्रवाशाचा चेहरा एकाच चौकटीत अनेकदा उमटतो, चालत्या गाडीकडे बघताना डोळ्यांना जसा दिसतो तसा. आणि हे १९५५ मध्ये, जेव्हा जर्मनीत या विषयावर घराघरांत मिठाची गुळणी धरून बसले होते.

माझ्या घरमालकीणबाईंना, वय ऐंशीच्या पुढे, मी ती वाचायला दिली. दोन दिवसांनी परत करताना एवढंच म्हणाल्या, हे तेव्हा आम्हाला कुणी दिलं नाही वाचायला.

दावा_क्रमांक
तिन्हीसांज, यात एक कायद्याची मेख आहे. नाझी चिन्हं छापायला जर्मनीत ८६ अ कलमाने मनाई आहे, पण कला, इतिहास आणि शिक्षणासाठी सूट आहे. पूर्वी प्रकाशक धोका नको म्हणून चित्रातलं स्वस्तिकचिन्ह पुसून टाकायचे. सुपरहिरोंच्या जुन्या जर्मन अंकांत दंडावरच्या पट्ट्या कोऱ्या दिसतात त्या त्यामुळे. आता कॉमिक्सला कला मानायची पद्धत रुळल्यामुळे गंभीर पुनर्मुद्रणांत मूळ चित्र तसंच ठेवतात.

पुठ्ठा_बांधणी
एक शंका. ईसी सोडून त्या काळात डझनावारी कंपन्या भयकॉमिक्स काढत होत्या. अमेरिकेत त्यांतल्या पुष्कळांचे हक्क संपलेत, कारण २८ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरणच कुणी केलं नाही. जालावर स्कॅन फुकट पडलेत. मग जर्मनीत कुणीही उठून ते का छापत नाही?

दावा_क्रमांक
कारण १८९२! त्या वर्षी जर्मनी आणि अमेरिका यांच्यात लेखनहक्कांचा करार झाला, तो अजून लागू आहे. त्यानुसार अमेरिकन कृतीला जर्मनीत जर्मन लेखकाइतकंच संरक्षण मिळतं, आणि अमेरिकेत मुदत संपली का याची तुलना होत नाही. म्हणजे लेखक आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. १९५२ मध्ये तिशीत असलेला चित्रकार १९९० ला वारला असेल तर २०६० च्या अखेरपर्यंत हात लावायचा नाही. वारस शोधायचे तर अर्ध्या गोष्टींवर सहीच नाही. छोटा प्रकाशक कशाला या फंदात पडेल?

पुठ्ठा_बांधणी
कमाल आहे. अमेरिकेत फुकट आणि जर्मनीत कुलूप. धन्यवाद.

इरसाल_नमुना
किऑस्कवाल्या मालाबद्दल कुणीच बोलेना. मी काम करतो त्या कारखान्यातले पन्नाशी-साठीचे जर्मन सहकारी ईसीचं नाव ऐकून माना डोलावतात, पण ‘गेश्पेन्स्टर गेशिश्टन’ म्हटलं की डोळे चमकतात. मधल्या सुट्टीत वाकून वाचलेलं, आईने फेकून दिलेलं, आजोळी सापडलेलं. गोष्ट संपली की खाली ते ठरलेलं वाक्य यायचं, ‘विचित्र वाटतं? पण असंच लिहून ठेवलंय...’ आजही कुणी ऑफिसात थापा मारल्या की दुसरा हेच वाक्य टाकतो.

सुरुवातीच्या अंकांतला बराच माल अमेरिकेच्या गोल्ड की कंपनीचा. गंमत म्हणजे गोल्ड की कधी कोडमध्ये सामीलच झाली नाही, आमचं आधीच स्वच्छ आहे म्हणाली. आणि खरंच इतकं स्वच्छ की जर्मन मंडळाला आक्षेप घ्यायला जागा सापडणं कठीण. रक्त नाही, आतडी नाहीत. धुकं, वाडा, चित्रातून उतरलेली बाई, पाप्याला शिक्षा. नंतर युरोपातल्या स्टुडिओंकडून नव्या गोष्टी काढून घेतल्या, त्यांतल्या काही टाकाऊ आहेत हेही सांगतो. पण जर्मन माणसाचं ‘जुनं भयकॉमिक’ हेच आहे. चाळीस युरोच्या खंडात ते सापडायचं नाही.

कौलारू_घर
+१. म्हणूनच वर म्हटलं, दिसलं की उचला.

गावठी_कोंबडा
आमच्याकडं इंद्रजाल कॉमिक्स होतं की मराठीत. वेताळाची कवटी बघून पोरं घाबरायची. त्याचं कुणी पुनर्मुद्रण करंल काय?

सावकाश
अवांतर होतंय भाऊ. पण प्रश्न रास्त आहे, वेगळा धागा काढा, मी येतो.

हळदीकुंकू_हॉरर
मार्व्हलच्या ड्रॅक्युलाचं काय? ‘टूम्ब ऑफ ड्रॅक्युला’, जीन कोलनची चित्रं.

कौलारू_घर
राहिलंच होतं. १९७१ ला कोड सैल झाला आणि रक्तपिपासूंना परवानगी मिळाली, तेव्हा १९७२ ला ते सुरू झालं. जर्मनीत विल्यम्स प्रकाशनाने १९७४ पासून छापलं. हेच विल्यम्स जर्मन ‘मॅड’ काढायचं, हर्बर्ट फॉयरश्टाइन संपादक, मुखपृष्ठावर ‘जगातलं सर्वात समंजस मासिक’ अशी फुशारकी. विल्यम्सचे ड्रॅक्युलाचे अंक आता संग्राहकांच्या हातात, चांगल्या अवस्थेतल्याला भाव आहे. नुसतं वाचायचं असेल तर पानिनी प्रकाशनाचे नवे खंड घ्या, कोलनच्या सावल्या त्यांत नीट उतरल्यात.

परकर_पोलकं
सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. आता सांगा, पहिली खरेदी काय?

इरसाल_नमुना
ताई, ‘गेश्पेन्स्टर गेशिश्टन’चे पाच-सहा सुटे अंक. गोष्टी छोट्या, निवेदन साध्या भूतकाळात, तुमच्या क्लासमध्ये सध्या तेच चालू असणार.

खिळे_जुळारी
एक सूचना. विकत घेण्याआधी आतल्या पानाचा फोटो मागवा आणि अक्षरं बघा. जर्मनमध्ये नामाचं पहिलं अक्षर मोठं (कॅपिटल) असतं, पण फुग्यांत सगळीच मोठी अक्षरं असतील तर नाम कुठलं आणि क्रियापद कुठलं हे नजरेला कळत नाही, शिकणाऱ्याची दमछाक होते. लहान-मोठी अक्षरं असलेला अंक मिळाला तर बरं.

तिन्हीसांज
जुन्या अंकांची अवस्था तिथे आकड्यांत लिहितात, आकडा जितका लहान तितका अंक चांगला. वाचायला घेणार असाल तर मोठ्या आकड्याचे घ्या, निम्म्याहून कमी किमतीत पडतात. मला एकदा एका विक्रेत्याने ‘उत्तम’ म्हणून पाठवलेल्या गठ्ठ्यात मधली पानंच नव्हती, तेव्हा पानं मोजून घ्यायला सांगा. पुष्कळ जण जर्मनीबाहेर पाठवतच नाहीत, तेव्हा कुणा ओळखीच्याचा पत्ता द्या. नव्या खंडांवर सूट शोधत बसू नका. तिथे पुस्तकांची किंमत कायद्याने बांधलेली आहे, सगळ्या दुकानांत एकच.

आणि नवं काही हवं असेल तर वाइसब्लेख प्रकाशनाचं ‘हॉररशॉकर’ बघा. २००४ पासून निघतंय. पुनर्मुद्रण नाही, नव्या जर्मन गोष्टी, पण ईसीच्या वळणाच्या. जर्मन फुग्यात जर्मनच लिहिलेलं, त्यामुळे खिळे_जुळारींचीही तक्रार नसेल.

खिळे_जुळारी
नाही. त्याची अक्षरं छान आहेत.

परकर_पोलकं
ठरलं. मावसभाऊ न्यूरेंबर्गला असतो, त्याचा पत्ता देते. तो विचारतोय की तिथे जवळपास कुठे बघायला मिळेल का हे सगळं एकत्र?

कौलारू_घर
न्यूरेंबर्गला? अगं, एर्लांगेन शेजारीच, लोकल ट्रेनने जाता येतं. तिथला कॉमिक सलोन हा कॉमिक्सचा मेळावा १९८४ पासून दर दोन वर्षांनी भरतो, सम वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर. मोठे प्रकाशक असतात, छोटे असतात आणि जुन्या अंकांच्या पेट्या घेऊन बसलेले विक्रेतेही. त्याला सांग, शेवटच्या दिवशी दुपारी जा. पेट्या परत उचलून न्यायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा घासाघीस चालते.

इरसाल_नमुना
आणि पिशवी मोठी घेऊन जा म्हणावं.